पंचविसावी ओळ

वाचनालयात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखरूप होतं. तळघरातल्या ब्रेल छपाईच्या खोलीत तिची सव्वीस वर्षं गेली होती, आणि डोळे शाबूत असूनही ब्रेल वाचणारी त्या इमारतीत ती एकटीच. डोळसांना ब्रेल वाचणं तसं अवघड नाही; फक्त उजेड बाजूने यावा लागतो. समोरून उजेड पडला तर कागद कोरा दिसतो. बाजूने पडला की प्रत्येक ठिपक्याला आपापली सावली फुटते. "मी जन्मात ठिपका वाचलेला नाही, त्याची सावलीच वाचली," असं ती म्हणे, आणि ऐकणारा हसावं की नाही या विचारात पडे.

हे शिक्षण तिला दादामुळे मिळालं. दादा जन्मांध, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. लहानपणी तो अंधशाळेच्या वसतिगृहातून घरी ब्रेलमध्ये पत्रं पाठवी. वडील पत्रावरून हात फिरवत, "छान लिहितो," म्हणत आणि कपाटात ठेवून देत. एके दिवशी सात वर्षांच्या या पोरीने शाळेने पाठवलेला तक्ता घेऊन, खिडकीत कागद तिरपा धरून अक्षरं लावली, तेव्हा घराला कळलं की छान वगैरे काही नव्हतं. पोरगं दोन वर्षं "मला घरी न्या" एवढंच लिहीत होतं.

दादा घरी आला तो कायमचा. पुढे तोही त्याच तळघरात लागला. ती छापायची, तो बोटांनी तपासायचा. मधल्या काळात तिचं एक लग्न झालं. दीड वर्षाने ते झालंच नव्हतं असं दोन्हीकडून ठरलं. भाऊबहीण एकाच घरातून निघत, एकाच खोलीत बसत आणि घरी जाताना वाटेत भांडत, कारण दिवसभरात त्यांना निवांत वेळ तेवढाच मिळे.

घोडं अडलं ते नव्या संगणकापाशी. जुना संगणक एका सकाळी उठलाच नाही. नवा आला, त्यावर ब्रेलचा प्रोग्रॅम नव्याने घातला गेला. हा प्रोग्रॅम फुकटचा. जगभरच्या मराठी हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडून पाहावा, कोणीही सुधारावा असा. या शेवटच्या आवृत्तीला एक खोड होती: पान पूर्ण भरलं की तळाची पंचविसावी ओळ ती गिळून टाकी. दोन महिन्यांनी शाळेची तक्रार आली. भूगोलाच्या पुस्तकातली एक नदी समुद्राला न मिळताच संपली होती.

ग्रंथपालांनी दोघांना वर बोलावलं. "यंत्र चुकलं हे समजू शकतो. पण मग तपासनीस कशाला असतो?" तपासनीस म्हणजे दादा. त्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होई, आणि यंदाचा कागद सहीसाठी टेबलावर होता. "महिनाअखेरपर्यंत ओळी परत आल्या तर बरं. नाहीतर छपाई बाहेरून करून घेऊ. मग तपासायलाही कोणी लागणार नाही."

खाली आल्यावर दादा म्हणाला, "यंत्राला काय बोल लावायचा? माझीच बोटं गेली असतील. साखर वाढली की आधी टोकं बधिर होतात."

"बोटं गेली नाहीत, ओळ गेलीय. नसलेली ओळ बोटाला कशी लागणार?"

"मला लागायला हवी होती," दादा म्हणाला.

वाचनालयाच्या संगणकवाल्याला विचारलं, तर त्याने हात वर केले. "बाई, अधिकृत आवृत्ती येईल तेव्हा टाकीन. घरगुती काही मी यंत्रात घालत नाही. उद्या बोंब झाली तर लोक मला धरतात."

"आणि अधिकृत कधी येणार?"

"धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे? येईल तेव्हा येईल." वर त्याने एक जुनाट, अडगळीतला संगणक तिला देऊ केला. "हवं तर यावर काय ते खेळा. तुमच्या जबाबदारीवर."

प्रोग्रॅम उघडून चूक शोधायला तिला दोन दुपारी लागल्या. ओळी मोजताना कोणीतरी शून्यापासून सुरुवात केली होती आणि शेवट मात्र एकापासून धरला होता. एक आकडा बदलला की काम फत्ते. पण प्रकल्पाचा नियम होता: ज्याला बदल पाठवायचा असेल त्याने आधी आख्खा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर बांधून, चालवून, चाचणी पास करून दाखवावी. माणसांनी लिहिलेला मजकूर यंत्राला कळेल असा करायचा, याला ते लोक 'बांधणं' म्हणतात. त्यासाठी एक कृती दिली होती, थोडी माणसाने वाचायची, थोडी यंत्राने आपोआप करायची. चार पायऱ्या, खाली हसरा चेहरा.

नमनालाच घडाभर तेल जळालं. पहिल्या पायरीला एक अवजार लागे. ते दुसऱ्या अवजारावाचून बसेना. दुसरं म्हणे मला तिसऱ्याची जुनी आवृत्तीच हवी. आणि ती जुनी आली की पहिलं रुसून बसे. ठिपकेबाईला हे नवं नव्हतं. तिच्या आजोळी दोन मावश्या अशाच होत्या. तिने एकीला कळू न देता दुसरीला वेगळ्या खोलीत बसवलं आणि दोघींचं काम काढून घेतलं. असे नऊ दिवस गेले. विचित्र गोष्ट एकच होती. जिथे जिथे ती अडे, तिथे कृतीच्या मजकुरात कोणीतरी आधीच एक ओळ लिहून ठेवलेली असे. "इथे सगळेच अडतात." "हा लाल इशारा खोटा आहे, पुढे चला." एकदा तिने वैतागून सगळं बंद केलं, पाणी पिऊन आली, पुन्हा उघडलं, तर पुढची ओळ होती: "आलात? बरं झालं."

"कोण लिहितं हे?" दादाने विचारलं.

"खंड्या म्हणून कोणी आहे. प्रकल्पाचा राखणदार. तीन वर्षांत त्याने काही केलेलं नाही."

"मेला असेल."

"दादा!"

"अगं, लोक मरतात. त्यात खंड्याचा अपमान नाही."

दहाव्या दिवशी सगळं बांधून होत आलं आणि शेवटच्या पायरीवर यंत्र थांबलं. चाचणीसाठी एक नमुन्याचं पान लागे, आणि कृती ते पान खंड्याच्या फोल्डरमध्ये ठेवायला बघत होती. या यंत्रावर खंड्या नव्हता, मग त्याचं फोल्डर कुठून असणार? स्वतःच्या घरचा पत्ता सगळ्यांच्या कृतीत लिहून ठेवायचा, हा आळस त्या जमातीत सर्रास चालतो. जाणकाराने तो पत्ता खोडून आपला घातला असता. ठिपकेबाईला दुसऱ्याच्या मजकुरात हात घालायची भीती वाटली. महिना संपायला पाच दिवस होते. तिने सोपा मार्ग काढला. पोस्टमन ऐकत नाही म्हणून दारावरची पाटी बदलावी, तसं तिने त्या संगणकावर खंड्या नावाचं एक खातं उघडलं आणि त्यात शिरली. पडद्यावर आलं: "खंड्या, यापूर्वीचा प्रवेश: कधीच नाही."

फोल्डर दिसताच कृतीने भराभर आपलं सामान तिथे मांडलं, जणू गाडी दारात उभीच होती. प्रोग्रॅम बांधला गेला. छपाईयंत्र तिने या संगणकाला जोडून ठेवलं आणि दोघं वर जेवायला गेली.

एक वाजला. डबा अर्धा झाला होता. दादा चावता चावता थांबला.

"खाली कोण छापतंय?"

तिलाही ऐकू आलं. ब्रेलचं यंत्र चाललं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होतो, आणि तो फरशीतून पायांना कळतो.

"कोणी नाही."

"कोणी नाही कसं? चाललंय ना."

"तू इथे, मी इथे. किल्ली माझ्याकडे."

आवाज मोजका झाला आणि थांबला. एका पानाइतका. दोघं जिना उतरली. खोली बंद होती, कुलूप तसंच. आत यंत्राच्या ओठावर एक पान लोंबत होतं.

याला स्पष्टीकरण होतं, आणि ते तिला अर्ध्या तासात सापडलं. सामान मांडताना कृतीने रोज दुपारी एक वाजता चाचणी चालवायची सोयही करून ठेवली होती. स्पष्टीकरण सापडलं की माणूस दचकायचा थांबतो असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी बंद खोलीत यंत्र चाललेलं ऐकलेलं नसावं.

पडद्यावर लिहिलं होतं: "पान जुन्या नमुन्याशी जुळले. पास." ती पान चुरगळणार, एवढ्यात सवयीने दादाने हात पुढे केला. "आण इकडे. तपासतो."

"नमुना आहे रे. अआइई असेल काहीतरी."

दादाची बोटं पहिल्या ओळीवरून गेली, दुसऱ्या ओळीवरून गेली. मग त्याने खुर्ची ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतलं.

"हे पान कोणी वाचत नाही. यंत्र ते छापतं आणि जुन्या पानाशी ताडून बघतं. ठिपक्याला ठिपका जुळला की झालं. ज्यांना हे ठिपके दिसतात त्यांना ते वाचता येत नाहीत, आणि ज्यांना वाचता येतात त्यांच्या हाती कोणी हे पान देत नाही. तुमच्या हाती आलं असेल, तर तुम्ही दोघं आहात. एकाने माझं नाव घेतलं आहे. दुसऱ्याची बोटं आत्ता माझ्यावर आहेत. घाबरू नका. मीही हे नाव असंच घेतलं होतं. माझ्या आधीच्यानेही. पुढचं काम"

तो थांबला.

"पुढे?"

"पुढे कागद आहे. कोरा." दादाने हात पानावरून उचलून मांडीवर ठेवला, मग अंगरख्याला पुसला. "चोवीस ओळी आहेत. ही तुझी तीच खोड. पंचविसावी गिळली."

एखाद्याने कपाळाला हात लावला असता. ठिपकेबाईने पान खिडकीत नेऊन तिरपं धरलं आणि स्वतः वाचलं. सावल्यांमध्येही तेच होतं. मग तिने संगणकाशी बसून, ज्यासाठी हे सगळं मांडलं होतं तो एक आकडा बदलला, प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि चाचणी हाताने चालवली. गारा पडल्या. या वेळी एका ओळीने जास्त. पडद्यावर लाल अक्षरं आली: "नमुन्याशी जुळत नाही. ओळ २५." तेही बरोबरच होतं. शेवटच्या राखणदाराने चुकीच्या पानालाच नमुना करून ठेवलं होतं.

दादाने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचण्याआधी म्हणाला, "वाचू ना?"

"वाच की."

"तुमचं. नाव तेच ठेवा."

त्याने ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग दादा म्हणाला, "बधिर नाहीत हं माझी बोटं," आणि दोघंही जरा जास्तच हसली.

नवं पान नमुना म्हणून ठेवायचं आणि बदल पाठवून द्यायचा, एवढंच उरलं होतं. तिने ते केलं. रिवाज असा होता की परक्याने पाठवलेला बदल राखणदार तपासतो, पटला तर घेतो. राखणदार नसेल तर बदल पडून राहतो. दाराशी माणूस नव्हताच, एक द्वारपाल प्रोग्रॅम होता. ठिपकेबाईने मनाशी धरलं होतं की आठ दिवस तरी वाट पाहावी लागेल, आणि आठ दिवस तिच्याकडे नव्हते. उत्तर चार मिनिटांत आलं.

"बदल स्वीकारला. नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. स्वागत, खंड्या. एक हजार एकशे सहा दिवसांनी."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ती अजून त्याच खात्यात बसली होती. बदलावर यंत्राने आपण होऊन खात्याचं नाव मारलं होतं. द्वारपालाने नाव पाहिलं आणि दार उघडलं.

संगणकवाला दुसऱ्या दिवशी स्वतः तळघरात उतरला. "आली बघा अधिकृत आवृत्ती! मी म्हणत नव्हतो, धीर धरा? फुकटचं असलं तरी लोक काम करतात हो." त्याने ती नव्या संगणकावर चढवली. नदी समुद्राला मिळाली. ग्रंथपालांनी दादाच्या कागदावर सही केली नाही, पण पेनाचं टोपण काढून ठेवलं. "महिनाअखेरपर्यंत बघू, टिकतंय का," ते म्हणाले.

प्रकल्पाशी नावापुरते जोडलेले चाळीस जण होते. त्यांपैकी बारा जणांची पत्रं खंड्याला आली. प्रत्येकात एकच शब्द होता: "स्वागत." इतके दिवस कुठे होतास, हे एकानेही विचारलं नव्हतं. तेरावं पत्र वेगळं होतं.

"दादा, तू आहेस का? नसलास तरी उत्तर दे. तुझी बहीण."

ठिपकेबाईने ते वाचून दाखवलं नाही. पण तिने ते इतक्यांदा उघडलं-मिटलं की दादाने विचारलंच, आणि मग वाचावं लागलं.

"खरं लिहिलं तर काय होईल?" त्याने विचारलं.

"मेलेल्या माणसाच्या नावाने मी घुसले असं होईल. बदल काढून टाकतील. आवृत्ती मागे घेतील. चार दिवसांत नदी पुन्हा अधांतरी."

"आणि मी घरी."

"हं."

"मग मला विचारू नकोस. माझं पोट त्यात आहे." तो थोडा वेळ टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत राहिला. "पण समज, मी गेलो आणि माझ्या नावाने तुला पत्र आलं. तर?"

"गप्प बस."

"अगं, समज म्हटलं."

तिने त्या खात्यातून बाहेर पडून, स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं. मी तुमचा भाऊ नाही. मी एका वाचनालयात ब्रेल छापते. कृती चालावी म्हणून मी ते नाव घेतलं, बदल त्या नावाने गेला, ही माझी चूक. तुम्हाला क्षणभर जे वाटलं असेल त्याबद्दल क्षमा मागायला मला तोंड नाही. चाळीस जणांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पाठवलं आणि डब्यातलं न जेवता परत बांधलं.

तीन दिवस काही आलं नाही. रोज एक वाजता तळघरात एक पान छापलं जाई, दादा वर बसून पावलांनी ओळी मोजी आणि म्हणे, "पंचवीस." महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

"तुम्ही तो नाही हे मला ठाऊक होतं. तो माझ्या समोर गेला, साध्या तापाने. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. त्याचं नाव खंड्या नव्हतं. गेल्यावर मी त्याचा संगणक उघडला तेव्हा मला दोन खाती दिसली; अकरा वर्षांपूर्वी कृती चालेना म्हणून त्यानेही तुमच्यासारखंच केलं होतं. मी मागे शोधत गेले. त्याच्या आधीचा खंड्या एक शिक्षक होता. त्याच्या बायकोने मला हेच लिहिलं होतं जे मी तुम्हाला लिहिते आहे. त्याच्या आधीच्याचा पत्ता लागत नाही. चाळीस जणांना सगळं माहीत आहे. कोणी बोलत नाही. बोललं तर प्रकल्पाला राखणदार उरणार नाही, एवढंच. तुमचा बदल कोणी काढणार नाही. एक विचारते. ते नमुन्याचं पान माझा भाऊ रोज दुपारी छापायचा. हातात धरून उजेडासमोर बघायचा आणि म्हणायचा, जुळलं. त्यावर काय लिहिलंय हे त्याला कधी कळलं नाही. तुमच्याकडे वाचणारं कोणी आहे का?"

साडेअकराला ग्रंथपालांनी सही केली. दादाने कागद चाचपला, सहीवर बोट फिरवलं. "शाई आहे, लागत नाही," तो म्हणाला, आणि कागद खिशात घालून तिच्या शेजारी येऊन बसला. तेव्हा ती खंड्याच्याच खात्यात होती. द्वारपालाने रखडलेली एकोणीस कामं तिच्यापुढे मांडली होती, आणि ती कामं दुसऱ्या नावाने होत नसत.

"घे लिहून," दादा म्हणाला, आणि पान समोर ओढून त्याने सांगायला सुरुवात केली. हे पान कोणी वाचत नाही. यंत्र ते छापतं. तो सावकाश सांगत होता, ती टाइप करत होती. घाबरू नका. मीही हे नाव असंच घेतलं होतं. माझ्या आधीच्यानेही. पुढचं काम.

त्याने हात उचलला.

"आणि?"

"आणि काही नाही. तिच्या भावाच्या पानावर एवढंच होतं."

"दादा, खाली ओळ आहे."

"आपल्या पानावर आहे. त्याच्या नव्हती. तिने त्याच्या पानाचं विचारलंय."

ठिपकेबाईने पूर्णविराम दिला नाही. तिथे तो नव्हताच. दोन ओळी सोडून ती सही करायला पत्राच्या तळाशी आली. नावाची जागा यंत्राने आधीच भरून ठेवली होती.

"काय झालं? पाठव ना," दादा म्हणाला.

"पाठवते," ती म्हणाली, आणि पाठवलं.